बंद झालेला रियाल

माझी धाकटी जाऊ मागच्या दाराशी येऊन उभी राहिली तेव्हा मी पाहुण्यांसाठी सुरमईला मसाला लावत होते. आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो त्याला वर्ष होऊन गेलं होतं. आवार एकच, घरं दोन, मध्ये कपडे वाळत घालायची तार. तरी एकमेकींकडे न बघता दिवस काढायची आम्हाला सवय झाली होती. ती बाहेर आली की मी आत जायची. मी विहिरीवर गेले की ती दार लोटून घ्यायची. सणासुदीला सासूबाई तिचं ताट माझ्याकडे आणि माझं तिच्याकडे पोचवायच्या. तिच्या करंज्या मी कोंबड्यांना घालायची, आणि तिच्या खिडकीतून दिसेल अशा जागी घालायची.

तिने पोरांना पुढे केलं. मुलगी चौथीत होती, मुलगा पहिलीत.

"ह्यांचा फोन होता," ती म्हणाली. माझ्याकडे नाही, सुरमईकडे बघत होती. "पोरांना तिथले पैसे शिकवायला तुम्हाला सांग म्हणाले. मला त्यातलं काय कळत नाय. बिल्डिंगखाली दुकान हाय, सामान आणायला पोरांनाच जायला लागंल. हे दिवसभर ड्युटीवर."

तिथले म्हणजे मस्कतचे. माझा धाकटा दीर तिथे नोकरीला होता. आता बायकोमुलांचाही व्हिसा झाला होता, आणि एप्रिलमध्ये तिथली शाळा भरायच्या आत तिघांना निघायचं होतं.

मी हात धुतले नाहीत. मसाल्याचे तसेच ठेवून म्हटलं, "माझ्याकडेच यायची वेळ आली म्हणजे."

"मी नव्हते येत. आईंनी पाठवलं."

हे वैर कशावरून होतं ते सांगायला हवं. आमचं गाव किहीमच्या अलीकडे, रेवसच्या रस्त्याला. लग्न होऊन मी इथे आले आणि दोनेक वर्षांत नवऱ्याबरोबर मस्कतला गेले. तो एसी बसवायचं आणि दुरुस्तीचं काम करायचा. मस्कतच्या रुवी भागात चौथ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. सहा वर्षं आम्ही तिथे राहिलो. कुणाला न विचारता चहाचं आधण ठेवता येतं, हे मला त्या घरात पहिल्यांदा कळलं. दुपारी लहानग्या मुलीला निजवून, दार बंद करून मी पाय पसरून बसायची आणि कुणी हाक मारायचं नाही. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी समुद्राकाठच्या रस्त्यावर फिरायला जायचो. समुद्र इथेही आहे, पण इथे समुद्रावर फिरायला जाणारी सून मी अजून पाहिलेली नाही.

मग नवऱ्याची कंपनी बंद पडली आणि आम्ही परत आलो. त्याने टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. मी मागची खोली मुंबईच्या पाहुण्यांना द्यायला लागले, त्यांना मासळीचं जेवण करून घालायला लागले. माझी मुलगी मोठी झाली, पनवेलला नर्सिंगला गेली. दहा वर्षं अशी गेली, पण मनाने मी परत आलेच नव्हते. कपाटात बिस्किटांच्या डब्यात तिथल्या नोटा आणि नाणी ठेवली होती. परत गेल्यावर विमानतळावरून टॅक्सीला लागतील म्हणून.

आणि मग खरोखरच फोन आला. नवऱ्याच्या जुन्या सुपरवायझरने स्वतःची कंपनी काढली होती, त्याला ओळखीचा माणूस हवा होता. नवरा त्या दिवशी भाविकांना घेऊन पालीला गेला होता आणि फोन घरी चार्जिंगला राहिला होता. तो दिराने उचलला. थोड्या महिन्यांनी व्हिसा आला तो दिराच्या नावाचा. नवरा म्हणाला, "जाऊ दे, भाऊच आहे." सासूबाई म्हणाल्या, "तुमी सा वर्सं भोगलंव ना? आता त्याला जाऊंदे." मी मात्र मनातून जाऊ दिलं नाही. दीर निघाला त्या दिवशी मी दाराबाहेर आले नाही, आणि तेव्हापासून जावेशी बोलणं बंद.

अशा बाईच्या पोरांना मी शिकवायचं होतं.

मी हो म्हटलं. ते प्रेमाने म्हटलं नाही. त्या शहराची काहीतरी गोष्ट तिला माझ्या दाराशी येऊन मागावी लागली, ह्याचं मला बरं वाटलं होतं. आणि खरं तर गेल्या कित्येक वर्षांत मस्कतबद्दल मला कुणी काही विचारलंच नव्हतं.

पाहुणे जेवून समुद्रावर गेले की पोरं ओट्यावर येऊन बसायची. मी डबा उघडला तसा मुलगा नाण्यांवर तुटून पडला.

"काकी, ह्याच्यावर तलवार हाय!"

"दोन तलवारी आहेत. आणि मध्ये खंजीर. त्यांचं ते राजचिन्ह आहे, आपले सिंह असतात तसं."

त्याने ते नाणं मुठीत दाबून धरलं ते उठेपर्यंत सोडलं नाही.

मी सांगायला सुरुवात केली. रुपया विसरा. तिथे रियाल. एक रियाल म्हणजे आपले दोनशेच्या वर रुपये, त्यामुळे रियाल मोडायचा म्हणजे जपून मोडायचा. आपल्या रुपयाचे पैसे शंभर, त्यांच्या रियालचे बैसा हजार.

"हजार?" मुलगा म्हणाला. "एवढे खिशात मावतील कसे?"

"नाण्यांनी मोजायचेच नाहीत. पाच, दहा, पंचवीस, पन्नास बैसांची नाणी असतात. शंभर बैसांची नोट असते, अर्ध्या रियालचीही नोट असते. आपले लोक बैसाला पैसाच म्हणतात. खालचा दुकानदार बहुतेक केरळचा असणार. तो म्हणेल, 'तीन सौ पैसा'. म्हणजे तीनशे बैसा. घाबरायचं नाही."

मग खडूने ओट्यावर त्यांचे आकडे काढले. एक छोटा गोल काढून विचारलं, हे काय?

"शून्य."

"पाच."

शेजारी टिंब दिलं. "आणि हे?"

"टिंब."

"हे शून्य."

पोरगा हसून ओट्यावर लोळला. सातासारखा दिसतो तो सहा, इंग्रजी व्ही म्हणजे सात आणि तोच उलटा केला की आठ, हे ऐकून तर त्याला वाटलं मी थट्टाच करते आहे. पण त्याने दोन दुपारींत सगळे पाठ केले. तिसऱ्या दुपारी आम्ही दुकान मांडलं. बटाटे, साबणाची वडी, पावाची लादी, आणि प्रत्येकासमोर खडूने भाव. तिथे भाव लिहितात ते टिंबानंतर तीन आकडे देऊन. ०.३५० लिहिलं की साडेतीनशे बैसा. आपल्याकडे दोनच आकड्यांची सवय, म्हणून नवीन माणूस तिथेच फसतो. मीही पहिल्या आठवड्यात फसले होते. ते मी त्यांना सांगितलं नाही.

मुलगी मात्र बघतसुद्धा नव्हती. ओट्यावरून पाय सोडून बसायची आणि टाचांनी भिंतीची माती पाडायची.

"तुला येतं का?" मी विचारायची.

"येतं."

"मग सांग."

"नाय सांगायचं."

दुकानात तिची पाळी आली की साबणाच्या वडीला अख्खा रियाल द्यायची आणि सुटे घेतल्याशिवाय पाठ फिरवायची. "ऱ्हावदे तुमालाच." हे न येण्याने होत नव्हतं. एकदा भाऊ चुकला तेव्हा तिने तोंडातल्या तोंडात बरोबर आकडा म्हटलेला मी ऐकला होता. ती मुद्दाम करत होती, आणि मी चिडावं म्हणूनच करत होती. मीही चिडत होते. आईचा राग लेकीवर काढायला मला फार जोर लावावा लागत नव्हता.

"अशी वागलीस तर तिथला दुकानदार लुटेल तुला," मी एकदा म्हटलं.

"लुटूंदे. मला जायचंच नाय."

"मग हे आईला सांग. मला कशाला ऐकवतेस?"

"आईला सांगितलं." तिने पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितलं. "आई म्हणते, काकीला जायचं होतं. काकी जळते आपल्यावर. म्हणून आपण जायचंच."

माझ्या हातात तेव्हा एक रियालची नोट होती. तिच्यावरच्या रेघा कशा असतात, खरी नोट कशी ओळखायची, ते मी मुलाला दाखवत होते. मी म्हटलं, "तुझ्या आईला सांग, जळण्यासारखं तिच्याकडे काही नाही. जे आहे ते माझ्याच घरातून नेलेलं आहे."

"एवढं आवडतंय तर तुमीच जावा ना," ती म्हणाली आणि माझ्या हातातून नोट ओढून तिने मधोमध फाडली.

घाईने नाही फाडली. माझ्याकडे बघत, सावकाश. कागद वापरून मऊ झालेला होता, त्याचा नीट आवाजही झाला नाही.

मी तिचं मनगट धरलं. जोरात धरलं. ती किंचाळली आणि मुलगा रडायला लागला. तारेवरच्या ओल्या चादरी बाजूला सारत जाऊ धावत आली.

"हात सोडा तिचा!"

"आधी बघ काय केलंय तिने. एक रियालची नोट फाडली."

तिने खाली पडलेल्या तुकड्यांकडे बघितलं आणि ती हसली. तसलं हसू मी तिच्या तोंडावर आधी पाहिलं नव्हतं.

"ही? ही चालते कुठं? जुन्या नोटा बंद केल्या त्यांनी. बँकेनं बदलून घ्यायला मुदत दिलेली, ती पण संपली. आता नवीन नोटा हायत. नाणी तेवढी चालतात. ह्यांनी सांगितलेलं मला. मी म्हटलं असूदे, खेळायला बऱ्या हायत."

मी पोरीचं मनगट सोडलं. डबा माझ्यासमोर उघडाच होता. टॅक्सीसाठी ठेवलेल्या नोटा.

"मला कुणी सांगितलं नाही," मी म्हटलं.

"तुम्ही बोलता कुठं कुणाशी?"

एवढ्यावर थांबले असते तर कदाचित काहीच झालं नसतं. पण ती अजून हसत होती. मी म्हटलं, "चोराच्या बायकोने मला शिकवू नये."

"काय म्हणालात?"

"चोर म्हणाले. तुझा नवरा चोर. दुसऱ्याचा फोन उचलला आणि भावाची नोकरी पळवली. तू त्या चोरीवर विमानात बसणार, आणि पोरांना माझ्याकडूनच पैसे ओळखायला शिकवणार. लाज कशी वाटत नाही?"

सासूबाई बाहेर आल्या. "गप ऱ्हावा दोगी. पावने हायत." पाहुणे होतेच. नवराबायको वाळूचे पाय घेऊन फाटकाशी उभी होती. त्यातला माणूस फोनमध्ये डोकं घालून काही ऐकत नसल्यासारखं करत होता, बाई मात्र सरळ आमच्याकडे बघत होती.

जाऊ माझ्याशी नाही, सासूबाईंशी बोलली. "सांगू आता? आई, सांगू?"

"न्हाय," सासूबाई म्हणाल्या. "तू काय पन सांगू नको."

त्या न्हायवरूनच मला कळलं की सांगण्यासारखं काहीतरी आहे, आणि ते मी सोडून सगळ्यांना माहीत आहे.

"विचारा तुमच्या नवऱ्याला," जाऊ म्हणाली. "तुम्ही माझ्या करंज्या कोंबड्यांना घातल्यात, मी खिडकीतनं बघायची. गिळलं मी. आता नाय गिळणार. विचारा त्यांना, आणि मग आम्हाला चोर म्हणा."

माझा नवरा विहिरीजवळ गाडी धूत होता. त्याने सगळं ऐकलं होतं. पाइपचं पाणी बंद केलं, हात पँटला पुसले आणि तिथूनच म्हणाला, "त्याने नाही पळवली. पालीहून आलो त्याच दिवशी मी फोन केला होता. मीच नको म्हटलं. भावाचं नाव मीच दिलं."

"का?"

"मला नव्हतं जायचं."

"मला विचारलंत?"

"तुला विचारलं असतं तर जावं लागलं असतं."

पाहुण्यांची बाई तेवढ्यात म्हणाली, "चहा मिळेल का?" मी आत जाऊन चहा ठेवला. काय करणार? त्यांनी आगाऊ पैसे भरले होते.

संध्याकाळी मी मासे तळत होते आणि नवरा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसला होता. तो कधी बोलत नाही. त्या दिवशी बोलला, आणि तोही रागानेच बोलला.

"तुला काय माहीत आहे मस्कतचं? तू चौथ्या मजल्यावर, एसीत. त्या एसीचं निम्मं यंत्र गच्चीवर असतं. तिथे कोण असायचं? भर उन्हाळ्यात पाना हातात धरवत नव्हता, हातावर मोजे चढवून धरायचो. एकदा चक्कर येऊन पडलो. तोंडावर पाणी मारलं आणि अर्ध्या दिवसाचा पगार कापला. हाच सुपरवायझर, ज्याचा तुला फोन हवा होता. पासपोर्ट त्यांच्या खणात. मागितला की विचारायचे, पळून जायचंय का?"

"मला कधी सांगितलं नाही."

"काय सांगणार? तू खूश होतीस. मी खाली जिन्यात बसून राहायचो, चेहरा नीट होईपर्यंत. मग वर यायचो. आणि तू म्हणायचीस, चला समुद्रावर जाऊ."

तेव्हा मला दया आली असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला राग आला. सहा वर्षं हा माणूस माझ्याशी खोटं बोलला. मी त्याच्यासाठी ताक करून ठेवायची, तो म्हणायचा आज काम कमी होतं. मी ज्या दिवसांवर दहा वर्षं जगले ते दिवस त्याने एका झटक्यात उचलून नेले. निदान मला विचारून तरी न्यायचे. आणि एवढं करून शेवटी भावाला पुढे केलं, शिव्या भावजयीला खाऊ दिल्या आणि स्वतः 'जाऊ दे, भाऊच आहे' म्हणून चांगला राहिला.

"भाऊजींना पाठवताना नाही का आठवली ती गच्ची?" मी विचारलं.

"तो ऑफिसात आहे. कामं वाटून देतो. मी आधी तेच ठरवून घेतलं." मग तो कढईकडे बघून म्हणाला, "कढईतले करपतायत."

करपले होते. मी तेच पाहुण्यांना वाढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तारेखालून पलीकडे गेले. जाऊ कपडे भिजवत होती.

"चोर म्हटलं ते मागे घेते," मी म्हटलं. "बाकीचं नाही."

"बाकीचं कुठलं?"

"तुला माहीत होतं. वर्षभर माहीत होतं आणि तू मजा बघत बसलीस."

"मजा?" तिने हातातला कपडा बादलीत आपटला. "तुमच्या नवऱ्यानं माझ्यापुढं हात जोडलेले. म्हणाले, तिला कळलं तर ती घर सोडून जाईल. मी कशाला बोलू? तुमचं घर मोडलं तर पाप माझ्या माथी."

"माझ्या घराची काळजी तू करायची नाहीस."

"बरं. आता नाय करणार."

आमची दिलजमाई झाली ती एवढीच. एक शब्द मागे गेला आणि बोलणं सुरू झालं, पण जे सुरू झालं ते भांडणच होतं.

पोरं आता येणार नाहीत असं मला वाटलं. मुलगा आला नाही. मुलगी आली, एकटीच, आणि आल्या आल्या तिने मनगट माझ्यापुढे धरलं. त्यावर काही उमटलेलं नव्हतं. तरी मी बघावं म्हणून तिने ते धरून ठेवलं.

"बघितलं," मी म्हटलं. "नोट फाडलीस त्याचं काय?"

"ती बंद होती."

"तुला माहीत होतं का?"

तिने आईचा फोन पुढे केला. बापाने नवीन नोटांचे फोटो पाठवले होते. रंग वेगळे, चित्रं वेगळी, मलाच त्या नीट बघून घ्याव्या लागल्या. शिकायला आलेली आणि शिकवणारी, दोघी त्या पडद्यावर वाकून बसलो आणि दोघींनाही ते आवडत नव्हतं.

"काकी, परत यायचं तिकीट किती रियाल?" तिने विचारलं.

"कोणाचं?"

"माझं. एकटीचं."

मी तिच्याकडे बघितलं. ती थट्टा करत नव्हती. मी घराकडे पाहिलं, सासूबाई आत होत्या. मी म्हटलं, "साठ धर."

"साठ म्हणजे बैसा किती?"

"तूच सांग."

"साठ हजार." तिने ओठ चावले. "रोज शंभर वाचवले तर?"

"तूच सांग."

तिने खडू घेतला आणि ओट्यावर भागाकार मांडला. अरबी आकड्यांत मांडला, मला न विचारता, एकही न चुकता. मग बोटांवर महिने मोजले. "वीस महिने. म्हणजे सहावी संपत येईस्तोवर."

"दोनशे वाचवले तर लवकर होईल. पण घरच्या सामानातून दोनशे मागे पडत नाहीत. विमानकंपनी लहान मुलाला एकटं नेते, पण मोठ्या माणसाची सही लागते. आणि सुटे पैसे दुकानदाराकडून लगेच मोजून घ्यायचे, दारात येऊन नाही."

मी हे सगळं शिकवलं. मन लावून शिकवलं. पंधरा दिवस ती रोज यायची आणि मी तिला वजाबाकी, सुटे, रुपयाचे रियाल करायचा भाव, सगळं घोटून घेत होते. आत कुठेतरी मला ठाऊक होतं की मी जावेच्या पोरीला जावेच्याच घरातून बाहेर पडायची वाट दाखवते आहे. ठाऊक असूनही मी थांबले नाही. ती पोरगी मला आवडायला लागली होती असंही नाही. तिचा राग मला ओळखीचा होता, एवढंच.

मार्चअखेर ते रेवसहून बोटीने भाऊच्या धक्क्याला आणि तिथून विमानतळावर गेले. नवरा सामान घेऊन धक्क्यापर्यंत गेला. मी गेले नाही. पाहुणे होते.

वर्ष संपत आलं तेव्हा जावेचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही.

"ही तुमची करणी हाय."

मुलगी दुकानातून यायची आणि भाव वाढवून सांगायची. दुधाचे पन्नास बैसा जास्त, पावाचे पंचवीस जास्त. जाऊ कधी खाली उतरायचीच नाही, म्हणून चाललं होतं. एक दिवस पोरगी तापाने पडली, जाऊ स्वतः गेली आणि दुकानदाराने खरा भाव सांगितला. मग कंपासपेटी निघाली, मोज्यांच्या जोडातून नाणी निघाली.

"विचारलं कशाला, तर म्हणते तिकिटाला. काकीनं हिशोब शिकवला म्हणते."

"मी हिशोब शिकवला," मी म्हटलं. "खोटं बोलायला मी शिकवलं नाही. ते तुमच्याच घरचं आहे. तोंड मिटून बसायची विद्या तुमच्याकडे चांगली आहे."

"आणि तुमच्या घरची कसली विद्या? नवरा जिन्यात बसून रडायचा आणि तुम्हाला पत्ता नाय!"

तिने फोन ठेवला. जिन्याची गोष्टही तिला माहीत होती. माझ्याआधी माहीत होती. त्या दिवशी मी नवऱ्याशी जे भांडले ते शेजारच्या आवारातल्या लोकांनी भिंतीशी उभं राहून ऐकलं असेल.

जूनच्या सुट्टीत दिराने मुलीला ओळखीच्या एका कुटुंबाबरोबर इथे पाठवून दिलं. तिचे पैसे त्याने घेतले नाहीत, तिकीट त्यानेच काढलं. ती आता परत जाणार नाही, इथेच शाळेत नाव घाला, असं म्हणून बसेल, अशी सगळ्यांची खात्री होती. सासूबाईंनी तर दाखल्याची चौकशीही केली. माझीही खात्री होती, आणि खोटं कशाला बोलू, मी त्याची वाट बघत होते.

दोन आठवड्यांत ती कंटाळली. वाडीतल्या पोरी तिला दुबईवाली म्हणून चिडवायच्या. ती ओरडायची, "दुबई नाय, मस्कत!" आणि त्या आणखी चिडवायच्या. दिवे गेले की पाय आपटायची. एक दिवस माझ्या ओट्यावर पाय सोडून बसली आणि म्हणाली, "काकी, मला तिथेच बरं वाटतं आता. माझी मैत्रीण आहे तिथे. केरळची."

"मग साठवलेले पैसे?"

"तिच्या वाढदिवसाला घड्याळ घेतलं. थोडे उरलेत."

मला त्या देशाचा राग आला. आधी तो माझ्याकडून गेला, मग नवऱ्याला त्याने उन्हात कसं उभं केलं ते कळून माझ्या आठवणीतही नासला, आणि आता जी माझ्यासारखीच रागावून गेली होती तिलाही त्याने वर्षभरात आपलंसं केलं.

जायच्या आदल्या दिवशी तिने निरोप सांगितला. "आई म्हणते, तुम्ही या महिनाभर. व्हिसा बाबा काढतील."

"तुझी आई म्हणते, का बाबा?"

"आईच. पण म्हणाली, लाडानं बोलावलं असं समजू नका म्हणून सांग. तिचं पोटाचं ऑपरेशन आहे. स्वयंपाकाला माणूस पाहिजे."

नवरा आतून म्हणाला, "जा."

मी मुलीलाच म्हटलं, "आईला सांग, इथे पाहुण्यांचा सीझन आहे."

बाहेर पन्हळीतून पाणी पडत होतं. गेल्या तीन आठवड्यांत एक पाहुणा फिरकला नव्हता. मुलगी म्हणाली, "पावसाळ्यात कुठला सीझन?"

"तू सांग तसंच."

तिने तसंच सांगितलं. ऑपरेशन झालं, शेजारच्या बायकांनी डबे दिले. जाऊ आता हिंडती-फिरती आहे, असं सासूबाईंकडून कळलं. मी विचारलं नव्हतं.